डाव्या हाताचे टाके

दहा नग परत आले ते मिठाईच्या खोक्यातून.

उएमात्सुंच्या घरून येणारी प्रत्येक गोष्ट चांगल्या खोक्यात येते. वर कागद, कागदावर फीत, फितीची गाठ अगदी मधोमध. माझ्या ताईचा नवरा रियोहेई दारात उभा होता. "आईने दिलंय," एवढंच म्हणाला. नजर स्वतःच्या चपलांवर, आणि रस्त्यावर गाडीचं इंजिन चालूच. शनिवार होता, मी घरी होते. काहीतरी गोड असेल असं समजून मी उभ्याउभ्याच फीत सोडली.

आत पातळ कागदात एकेक गुंडाळलेलं होतं. मिरची, ससा, कबूतर, पीच, माकड, औषधाची त्रिकोणी पिशवी, चपलांचा जोड, ढोलकी, घुबड आणि रांगतं बाळ. सगळं आईने शिवलेलं. प्रत्येकाच्या माथ्यावर लाल दोरीचा बोटभर तुकडा शिल्लक होता आणि दहाही तुकडे एकाच मापाचे होते. जिने कात्री चालवली तिने घाई केली नव्हती.

माझी भाची कोतोहा तेव्हा सात महिन्यांची होती. यंदा तिचा पहिला तीन मार्च. आमच्या इनातोरी गावात पहिल्या तीन मार्चला मुलीसाठी बाहुल्यांची मांडणी करतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक कडं टांगतात. कड्याला पाच दोऱ्या, दोरीवर अकरा नग. ते नग घरच्या बायका, आत्या, मावश्या, शेजारणी जुन्या किमोनोंच्या तुकड्यांतून शिवतात. कोतोहाचे बहुतेक नग उएमात्सुंकडच्या बायकांनी शिवले होते. प्रत्येक दोरीच्या शेवटचा, सगळ्यात खालचा नग मात्र आमच्या आईचा, असं ताईने आधीच ठरवून घेतलं होतं. बाळ उताणं झोपलं की त्याच्या डोळ्यांना सगळ्यात जवळ तोच असतो.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने खोक्यात पाहिलं. माकड उचललं, दोरीचा तुकडा बोटांत फिरवला.

"गाठ सोडवली असती तर दोरी वाया गेली नसती," ती म्हणाली.

"आई!"

"काय आई? चांगली दोरी आहे." तिने माकड परत कागदात गुंडाळलं. "जानेवारीत देवळापुढे शेकोटी होते, तिच्यात टाकू. जुने नग तिथेच जातात."

"हे जुने आहेत? गेल्या महिन्यात शिवलेस तू!"

"चिनात्सु, ओरडू नकोस. शेजारी ऐकतात."

शेजारी ऐकतात. वीस वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे. मी चार वर्षांची होते तेव्हा आई आम्हा दोघी बहिणींना घेऊन माहेरी आली, तेव्हापासून. बाबांचं नुमाझूला दुसरं घर होतं. आठवड्यातले चार दिवस ते तिथे जेवायचे आणि उरलेले तीन दिवस आमच्याकडे येऊन आमटी आळणी आहे म्हणायचे. आईने एका सकाळी दोन पिशव्या भरल्या. गावाने मात्र तिला 'परत आलेली' हे नाव दिलं, जणू तिला कोणीतरी टपालाने परत पाठवलं होतं.

मी हेल्मेट घेतलं आणि स्कूटर काढली.

उएमात्सुंचं सुक्या माशांचं दुकान बंदराच्या रस्त्यावर आहे. पुढे दुकान, त्याला लागूनच बसायची खोली, आणि खोलीची काचेची मोठी खिडकी रस्त्यावर. मार्चच्या आधी महिनाभर येणारी-जाणारी माणसं त्या खिडकीतून बाहुल्या बघतात. अंगणात चिरलेले मासे जाळ्यांवर वाळत होते. ताईच्या सासूबाई, तोकिए, त्यांच्यावरच्या माश्या हाकत होत्या.

"अगंबाई, चिनात्सु! ये, ये. चहा टाकते."

"कात्री कोणी चालवली?"

त्यांनी हातातलं फडकं नीट घडी करून ठेवलं. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"आत ये. असं अंगणात बोलू नये."

आत दोन्ही कडी टांगलेली होती. ताई, मिझुहो, कोतोहाला खांद्यावर घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच बाळाची पाठ थोपटायला लागली.

"हे बघ," तोकिएबाई म्हणाल्या, "तुझ्या आईबद्दल माझ्या मनात काही नाही. कष्टाळू बाई. दोन मुली एकटीने वाढवल्या, सोपं नाही. पण हे नग मुलीच्या संसारासाठी असतात. ज्या हाताचा संसार टिकला नाही तो हात पोरीच्या डोक्यावर टांगायचा, हे माझ्या मनाला पटेना. रात्र रात्र झोप नाही मला. मी जुन्या वळणाची आहे, काय करू?"

"आईचा संसार टिकला नाही असं झालेलं नाही. तिने तो मोडला. स्वतःच्या हाताने."

"तेच तर म्हणते मी," तोकिएबाई म्हणाल्या.

मी ताईकडे वळले. "तू बघत उभी होतीस? कापताना?"

"चिना, हळू. झोपतेय ती."

"तू दोरी धरून दिलीस की काय?"

ताईने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तोकिएबाईंनी मध्येच विषय बदलला. यात त्या फार हुशार आहेत.

"आणि मी काही दोऱ्या तशाच नाही सोडल्या हं. एकेक काढल्यावर दहाच राहिले ना. सम आकडा, मधोमध फुटणारा. मुलीवर असा आकडा कोण टांगेल? म्हणून स्टेशनजवळच्या ओनुमाबाईंच्या दुकानात गेले आणि हाताने निवडून आणले. बघ तरी! एकोणऐंशी वर्षांच्या बाईने शिवलेत म्हणे. नवरा अजून धडधाकट, मुलगे-सुना एका घरात. असा हात हवा."

मी बघितलं. बघायचंच म्हणून नाही. समोर होतं म्हणून.

विद्यापीठात मी दोन वर्षं गोगलगायी मोजल्या. बहुतेक सगळ्यांच्या शंखाचं वळण एकाच बाजूला जातं. हजारोंत एखादी निघते जिचं वळण आरशातल्यासारखं उलटं असतं. सुरुवातीला ती दिसतच नाही. मग डोळ्यांना सवय होते आणि ढिगातून ती एकटी उठून दिसायला लागते, बाकीच्या सगळ्या मागे जातात. आता शिमोदाच्या प्रयोगशाळेत मी समुद्राचं पाणी तपासते. गोगलगायींशी काही संबंध उरला नाही, पण ती सवय गेलेली नाही.

विकत आणलेल्या माकडाच्या पोटावरची शिवण मी बघत होते. तुरपलेले टाके तिरके पडतात, आणि कड्यावरच्या बाकी सगळ्या नगांचे टाके एकाच बाजूला कललेले होते. या माकडाचे दुसऱ्या बाजूला. वरून खाली, बारीक, एकसारखे, सगळे उलटे. मी शेजारचं घुबड उलटं केलं. तेही तसंच. ससा. पीच. दहाच्या दहा.

माझी आई डावरी आहे.

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. त्या बाईच्या चेहऱ्यावर ते फेकायचं एवढंच बाकी होतं. पण कात्री कुठे आहे ते मला दिसलं. बाहुल्यांच्या मांडणीखालच्या लाल कापडावर, हाताशी. मी बोलले असते तर ती पुन्हा उचलली गेली असती. मी बूट घातले आणि निघाले. मागून तोकिएबाई म्हणाल्या, "चहा राहिलाच गं!"

आई बैठ्या टेबलापाशी रेशमाचा तुकडा इस्त्रीने सरळ करत होती. डाव्या हाताने.

"तू ओनुमाबाईंसाठी शिवतेस?"

"झाली की तीन वर्षं." तिने इस्त्री उभी केली. "कशावरून ओळखलंस?"

"टाक्यांवरून."

"हं. मी तिला सांगितलेलं, कोणाला तरी कळेल. ती म्हणाली, गिऱ्हाईक रंग बघतं, शिवण नाही." मग तिच्या डोळ्यांच्या कडा आखडायला लागल्या आणि मला वाटलं आता रडेल. ती हसत होती. "काल तिचा फोन आला. म्हणते, तामाए, तुझे दहा नग उएमात्सुंच्या बाईने नेले. एक तास निवडत होती! हे नको, याचे डोळे बरे नाहीत, त्याचे कान लहान. आणि शेवटी सगळे माझेच उचलले."

"आणि एकोणऐंशी वर्षांची बाई?"

"ती ओनुमाबाईची थाप. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती वेगळी बाई सांगते." आई डोळे पुसत होती. "नवरा धडधाकट आहे म्हणे माझा!"

मला हसू आलं नाही. मी संतापले होते, आणि समोर ही बाई हसत होती.

"मी उद्या जाऊन सांगणार."

तिचं हसणं थांबलं. "नाही सांगणार तू."

"का? लाज त्यांना वाटायला हवी."

"त्यांना लाज वाटेल, मग त्या नग उतरवतील. मग माझं काय उरलं तिथे?" तिने रेशमाचा तुकडा उचलून त्याची उगीच घडी केली. "सकाळी पोरगी डोळे उघडते तेव्हा तिला माझं माकड दिसतं. तिच्या डोक्यावर माझा हात आहे. मला तेवढंच हवं होतं."

"तुझा नाहीये तो. कोणा थापेतल्या म्हातारीचा आहे. तुझे हात चालतात, तू चालत नाहीस. हे कळतंय का तुला?"

"कळतंय," आई म्हणाली. "तुझ्या आधीपासून कळतंय. शब्द दे मला."

मी शब्द दिला. तिच्यावरही मी तेवढीच चिडले होते हे मी लपवणार नाही. तोकिएबाई निदान आपल्याला काय हवं ते मागत तरी होत्या.

संध्याकाळी ताईला फोन केला. टाक्यांबद्दल काही बोलले नाही, शब्द दिला होता. एवढंच म्हणाले, "तू तोंड का उघडलं नाहीस?"

पलीकडे नळाचं पाणी वाहत होतं. मग ती म्हणाली, "तू स्कूटरवर बसून निघून जातेस, चिना. मला इथेच ताटं धुवायची असतात."

"आईनेही धुतली होती. मग पिशव्या भरल्या."

तिने फोन ठेवून दिला.

तीन मार्चला आम्ही दोघी गेलो. आईने राखाडी किमोनो नेसला होता आणि केस इतके घट्ट बांधले होते की कपाळ ताणलेलं दिसत होतं. आम्हाला बसायची जागा दाराजवळ दिली होती. चटईवर उएमात्सुंकडच्या दोन चुलत सासवा होत्या, बंदरावरच्या बायका होत्या आणि शेजारच्या हिसानो आजी. या आजींना दूरचं कमी दिसतं, पण जवळचं मात्र नको तेवढं दिसतं, असं गावात म्हणतात. शिंपल्यांचा रस्सा फार सुरेख झाला होता. हे मला मान्य करावं लागलं आणि त्याचाही राग आला.

आईने एकदाही मान वर करून कड्यांकडे बघितलं नाही. ताटलीतल्या भातावरची अंड्याची पिवळी पट्टी ती चॉपस्टिकने इकडून तिकडे सरकवत राहिली.

तोकिएबाई मात्र सगळ्यांना वर बघायला लावत होत्या. "हे माझ्या नणंदेने केलेले. हे मी. आणि खालचे बघा, ते ओनुमाबाईंकडचे. एकोणऐंशीव्या वर्षी अशी शिवण! नवरा धडधाकट, भरलं घर."

"नवरा धडधाकट?" हिसानो आजी म्हणाल्या. "मग इतकं बारीक शिवायला वेळ कुठून मिळाला बाईला?"

सगळ्या हसल्या. तोकिएबाईही हसल्या. "आजी, तुमचं आपलं काहीतरीच. पण हात बघा ना, हात! असा शुभ हात असला की पोरीचं सगळं नीट होतं." हे बोलताना त्यांनी दाराकडे बघितलं नाही. अगदी काळजीपूर्वक बघितलं नाही. विहिणीचा अपमान करायचा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना फक्त आई तिथे बसलेली असताना नसल्यासारखी हवी होती.

मी चटईची कड नखाने उचकटत होते. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. डावा.

तेवढ्यात कोतोहाने माकड पकडलं. ताईच्या मांडीवर ती उभी होती, पाय ताठ, आणि दोरीच्या टोकाला लाल माकड हलत होतं. तिने ते मुठीत धरलं, तोंडात घातलं आणि खाली बसली. मानेपाशी शिवण उसवली. पांढरा कापूस बाहेर आला, माकडाचं डोकं एका धाग्यावर लोंबकळायला लागलं.

"अरेरे! आजच्या दिवशी!" कोणीतरी म्हणालं.

"दुकानाचा माल," एक चुलत सासू म्हणाली. "कितीही म्हटलं तरी घाईचं काम."

मला आईचा हात माझ्या मनगटावरून उचलला गेलेला कळला. मी तिच्याकडे बघितलं आणि पुढे काय होणार ते मला दिसलं. वीस वर्षं तिने लोकांचं सगळं ऐकून घेतलं होतं. परत आलेली, नवऱ्याने टाकलेली, पांढऱ्या पायाची. पण तिचं काम घाईचं आहे, असं मात्र तिला कधीच कोणी म्हटलं नव्हतं.

"द्या इकडे," आई म्हणाली. "सुई आहे का?"

ती गुडघ्यांवरच पुढे सरकली. तोकिएबाईंनी "राहू द्या हो विहीणबाई, तुम्ही कशाला" म्हणेपर्यंत ताईने शिवणाचा डबा तिच्यासमोर ठेवलाही होता. आईने कापूस अंगठ्याने आत ढकलला, लाल धागा ओवला आणि दोरीवरून न काढताच, डाव्या हाताने, मान शिवायला घेतली. ती इतकी भराभर शिवते की सुई दिसत नाही, फक्त धागा कमी होत जातो.

हिसानो आजी वाकल्या. त्यांचं नाक माकडाला लागेल इतक्या जवळ.

"उलटे टाके," त्या म्हणाल्या. "माझी आई डावरी होती. सासरी बदडून बदडून तिचा हात फिरवला, तरी शिवायला बसली की सुई आपोआप डाव्या हातात जायची." त्यांनी माकडाचं पोट बघितलं. मग शेजारचं घुबड ओढून डोळ्यांपाशी धरलं. मग ससा. "हे पण उलटे. हे पण. आणि हे." त्या मागे बसल्या. "तामाए, तू एकोणऐंशीची कधी झालीस गं?"

कोणी हसलं नाही.

"आणि नवरा कुठे लपवलास?"

आता मागे कोणाला तरी हसू फुटलं आणि ते खोकल्यात बुडवलं गेलं. तोकिएबाईंचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग वर. मला वाटलं, आता कात्री. पण त्या अशा बाई नाहीत की पाहुण्यांसमोर ताल सोडतील. त्यांनी श्वास घेतला आणि त्यांच्या नेहमीच्या गोड आवाजात म्हणाल्या, "सणाचा दिवस आहे. आजच्या दिवशी काही उतरवू नये. उद्या सगळं आवरायचंच आहे नाहीतरी."

"हो ना, उद्या आवरायलाच हवं," चुलत सासूला हायसं वाटलं. "तीन तारखेनंतर बाहुल्या राहिल्या की मुलीचं लग्न लांबतं."

आईने गाठ मारली, धागा दाताने तोडला. मग ती गुडघ्यांवरच थोडी मागे सरकली, दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ खाली नेलं. थेट चटईपर्यंत.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आधी सांगायला हवं होतं. माफ करा."

मी खूप वेळा चिडले आहे, पण असं कधीच झालं नव्हतं. माझ्या कानात समुद्र वाजत होता. ज्या बाईचे नग कात्रीने कापले ती बाई, कापणारीच्या पायाशी, स्वतःच्या चांगल्या शिवणीबद्दल माफी मागत होती. मी तोंड उघडलं. मी काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही.

"उद्या नाही," ताई म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

"काय उद्या नाही?" तोकिएबाई.

"उद्या आवरायचं नाही. हे इथेच राहणार."

"मिझुहो, अगं, लग्न लांबेल पोरीचं."

"लांबू दे." ताईने कोतोहाच्या तोंडातून लाल धागा काढला. "नाही झालं तरी चालेल. झालं, आणि मोडावंसं वाटलं, तर तिने मोडावं. आणि आईसारखं दोन पिशव्या घेऊन घरी यावं. मी दार उघडीन."

"लोक काय म्हणतील?"

"येऊन बघतील आणि म्हणतील. खिडकी रस्त्यावरच आहे." मग ती आईकडे वळली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "आई, डोकं वर कर. कर म्हणते ना!"

रियोहेई दारात रस्स्याचं भांडं घेऊन उभा होता. तो आत आला नाही आणि गेलाही नाही.

चार मार्चला तोकिएबाईंनी साठवणीची लाकडी खोकी काढून ठेवली. ताईने त्यांत बाळाचे लंगोट भरले. पाचला बंदरावर बातमी होती. बायका मासे घ्यायला येत आणि खिडकीतून बघत. कोणी म्हणे, सुनेचं डोकं फिरलं. कोणी म्हणे, म्हातारीची जिरली. गावातली प्रवाशांसाठीची प्रदर्शनं महिनाअखेरीला उतरली, पण ती सभागृहं. तिथे कुठल्या मुलीचं लग्न अडत नाही. घरातली ही एकच मांडणी राहिली. चेरी फुलली, झडली. डोंगरावरच्या बागांतली संत्री संपली. कडी खिडकीत टांगलेलीच होती. घरात सासू-सून बाळामार्फत बोलत होत्या. "कोतोहा, तुझ्या आईला सांग, मीठ संपलंय." "कोतोहा, आजीला सांग, आणलंय."

आधी माझी आई गप्प होती. मेच्या सुरुवातीला ती मासे आणायला गेली आणि रागाने लाल होऊन परत आली. इतक्या वर्षांत मी तिला अशी पहिल्यांदा बघत होते.

"रंग उडालेत!" पिशवी तिने ओट्यावर आपटली. "रेशीम आहे ते, ताडपत्री नाही. दोन महिने उन्हात! माकड गुलाबी झालंय, ससा तर धुतल्या फडक्यासारखा. माझं काम आहे, आणि सगळं गाव ते बघतंय!"

"मग ताईला सांग, उतरव म्हणून."

"सांगितलं. नाही म्हणाली. म्हणाली, तूच ये आणि बदल." तिने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. "खोकं कुठे ठेवलंस?"

मिठाईचं खोकं माझ्या कपाटात होतं. शेकोटीत टाकायला मी ते देणार नव्हते.

त्या रविवारी मी मागे खोकं घेऊन उभी राहिले आणि आई उएमात्सुंच्या खिडकीत स्टुलावर चढली. दुपारची वेळ, दुकान भरलेलं. तिने प्रत्येक दोरीचा शेवटचा नग गाठ सोडवून उतरवला. गाठ सोडवून, कापून नाही. ओनुमाबाईंकडचे दहाही, उन्हात फिकटलेले, पिशवीत घातले. "हे जानेवारीच्या शेकोटीला," म्हणाली. मग मी एकेक नग वर देत गेले. मिरची, ससा, कबूतर. बोटभर दोरीचा तुकडा दोरीच्या टोकाला बांधायला लागत होता.

"ही गाठ आत घालते," आई पुटपुटली. "दिसायला बरी नाही."

"घालू नकोस," ताई खालून म्हणाली. "दिसू दे. दहाही दिसू देत."

आईने एक क्षण विचार केला. मग गाठ तशीच ठेवली आणि पुढच्या नगासाठी हात खाली केला.

स्टूल जुनं होतं, एक पाय आखूड. पीच बांधताना ते डगमगलं. तोकिएबाई गल्ल्यापाशी होत्या, एका गिऱ्हाइकाला मासे बांधून देत होत्या. त्यांनी पुडा तसाच ठेवला, आल्या आणि स्टूल दोन्ही हातांनी धरलं. वर बघितलं नाही. त्या रस्त्याकडे बघत राहिल्या आणि आई त्यांच्या डोक्यावर, डाव्या हाताने, गाठी मारत राहिली.

काही जण म्हणतात, झालं ना मग, मिटलं. मिटलेलं नाही. स्टूल धरणं म्हणजे माफी मागणं नव्हे. ती कात्री अजून त्याच लाल कापडावर आहे, आणि मी त्या घरी जाते तेव्हा बसायच्या आधी ती उचलून वरच्या फळीवर ठेवते. पुढच्या वेळी गेले की ती पुन्हा खाली असते.

मी पुन्हा वर ठेवते.